घरगुती सुतारशाळा

घरगुती सुतारशाळा म्हणजे घराच्या आवारातील मोटारघर, पडवी, रिकामा गोठा किंवा पत्र्याची शेड अशा जागेत सुतारकामासाठी केलेली कायमची व्यवस्था होय. तीत कामाचे बाक, हाताची हत्यारे, धार लावण्याची सोय, लाकूड साठविण्याची जागा आणि गरजेप्रमाणे विजेवर चालणारी यंत्रे यांचा समावेश होतो. व्यावसायिक कारखान्यात अनेक कामगार ठरावीक वस्तू मोठ्या संख्येने तयार करतात. घरगुती शाळेत मात्र बहुधा एकच व्यक्ती काम करते आणि तीही बहुतेक वेळा एकटी असते. त्यामुळे अशा शाळेच्या मांडणीत उत्पादनाच्या वेगापेक्षा प्रकाश, धुळीचा निचरा, धारदार हत्यारे आणि काम करणाऱ्याची सुरक्षितता यांना अधिक महत्त्व असते.

शहरी भागात मोटारघरात छंद म्हणून सुतारकाम करण्याची प्रथा अलीकडची आहे. घर आणि कामाची जागा एकाच आवारात असणे ही गोष्ट मात्र महाराष्ट्राला नवी नाही. गावच्या सुताराचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या दारातच चालत आले आहे.

नाव

'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे. सूत्र म्हणजे मापाची दोरी. ती धरून लाकडावर रेषा आखणारा तो सूत्रधार होय. प्राचीन लेखांत सुतारासाठी 'वर्धकी' असाही शब्द येतो. गावच्या सुताराच्या कामाच्या जागेला ग्रामीण भागात सुतारमेट असेही म्हणतात.

इतिहास

पुणे जिल्ह्यात लाकूडकामाची परंपरा किमान दोन हजार वर्षांची आहे. मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी बसविलेल्या असून त्या आजही जागेवर आहेत. याच लेण्यातील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या वर्धकीने दाराचे काम केल्याचा उल्लेख आहे. एका सुताराचे नाव त्याच्या कामासह दगडावर कोरले गेल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या दर्शनी भागावरही कमानी, वासे आणि कठडे दगडात कोरलेले दिसतात. ही रचना मूळ लाकडी इमारतींची नक्कल आहे. यावरून त्या काळी लाकडी बांधकाम किती प्रगत झाले होते याची कल्पना येते.

मध्ययुगीन व अर्वाचीन काळात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. शेतकऱ्याला वर्षभर लागणाऱ्या औजारांची दुरुस्ती करावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, अशी ही पद्धत होती. पेरणीच्या तोंडावर नांगर, कुळव, पाभर आणि तिफण घेऊन शेतकरी सुताराच्या दारात बसत. हळस, रुमणे, जू, शिवळा हे भाग बहुधा बाभळीचे केले जात. कारण बाभळीचे लाकूड कठीण व चिवट असते आणि बांधावरच मिळते.

बैलगाडीचे चाक हे या कारागिरीचे उत्तम उदाहरण होय. मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पाटे अशी त्याची रचना असते. चाक पुरे झाल्यावर लोहार त्याच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव तयार करतो. धाव तापविली की ती प्रसरण पावते व चाकावर बसते. वरून पाणी ओतताच ती आकुंचन पावून सर्व सांधे घट्ट आवळून धरते. त्यामुळे खिळे वा गोंद यांच्या आधाराशिवाय चाक वर्षानुवर्षे टिकते.

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवसायात मोठे बदल झाले. लोखंडी नांगर, ट्रॅक्टर आणि रबरी चाकांच्या गाड्या आल्याने शेतीच्या लाकडी औजारांची मागणी घटली. १९५९ साली स्थापन झालेल्या पिडिलाइट उद्योगाचे फेविकॉल बाजारात आल्यानंतर, गरम करून वापरावा लागणारा सरस मागे पडला. प्लायवूड आणि लॅमिनेटमुळे सुतारकामाचे केंद्र गावातील दारातून शहरातील बांधकामाच्या ठिकाणी सरकले. पूर्वी हे कौशल्य बापाकडून मुलाकडे, एका जातीच्या चौकटीत जात असे. ती साखळी अनेक ठिकाणी तुटली आहे. घरगुती सुतारशाळेत मात्र कोणत्याही जातीची, स्त्री वा पुरुष, कोणीही व्यक्ती ते शिकू शकते.

आंबेगाव व जुन्नर परिसर

आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगररांगांत असून तेथे अतिवृष्टी होते. निरगुडसर हे गाव ज्या पूर्व भागात आहे तेथे पाऊस त्या मानाने फारच कमी पडतो. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या कालव्यांमुळे पूर्व भागात बागायती शेती वाढली. मशागतीसाठी ट्रॅक्टर आले आणि बैलांची संख्या घटली. रिकामा झालेला गोठा, जुन्या घराची पडवी किंवा ट्रॅक्टरची शेड या जागा म्हणूनच या भागात घरगुती सुतारशाळेसाठी सोयीच्या ठरतात. जुनी माळवदाची व कौलारू घरे पाडून सिमेंटची घरे बांधली जात असल्याने तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी यांचे अनेक दशके वाळलेले लाकूडही उपलब्ध होते.

शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत विज्ञान शिकावे, हे या संस्थेचे सूत्र आहे. तेथून विकसित झालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम अनेक ग्रामीण माध्यमिक शाळांनी स्वीकारला. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने पाबळमध्ये 'फॅब लॅब' सुरू झाली. जगातील अशा पहिल्या काही प्रयोगशाळांत तिची गणना होते. एका खेड्यातील कार्यशाळेने काय साधता येते याचे हे जवळचे उदाहरण आहे.

जागेची निवड

एका मोटारीचे घर साधारणतः १० फूट रुंद व १८ ते २० फूट लांब असते. एवढ्या जागेत एका व्यक्तीला सुतारकाम करता येते. मात्र यंत्रे मांडण्यापूर्वी लाकूड कसे फिरणार याचा विचार करावा लागतो. प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद असतो. तो टेबल सॉवर लांबीत कापायचा झाल्यास पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळी जागा लागते. म्हणजेच लहान खोलीत यंत्र कितीही चांगले असले तरी तक्ता फिरू शकत नाही. अशा वेळी तक्ता अंगणातच हातकरवतीने किंवा हातातील सर्क्युलर सॉने ढोबळ मापात कापून मग आत आणावा.

उत्तरेकडील खिडकीतून दिवसभर सारखा व सौम्य प्रकाश येतो. म्हणून कामाचे बाक शक्य तेथे तिच्याखाली ठेवतात. छताला केवळ एक दिवा लावल्यास काम करणाऱ्याची सावली आखलेल्या रेषेवरच पडते. बाकाच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश येईल असे दिवे लावल्यास ही अडचण दूर होते.

पत्र्याची शेड उन्हाळ्यात फार तापते व पावसाळ्यात पत्र्याच्या आतील बाजूस दव धरते. त्यामुळे हत्यारे गंजतात. छताखाली आच्छादन करणे, भिंतीच्या वरच्या भागात समोरासमोर झरोके ठेवणे आणि हत्यारांवर तेलाचा पातळ हात फिरविणे हे त्यावरील उपाय आहेत. कोब्याची जमीन स्वच्छ ठेवण्यास सोपी असते, परंतु तिच्यावर पडलेल्या पटाशीची धार हमखास तुटते. यासाठी बाकापुढे जुने सतरंजीचे तुकडे किंवा रबरी चटई अंथरतात. दीर्घकाळ उभे राहणाऱ्याच्या पायांनाही तिचा आराम मिळतो. जुन्या गोठ्यात वाळवी असण्याचा संभव असल्याने लाकूड कधीही थेट जमिनीवर वा भिंतीला टेकवून ठेवू नये.

वीजपुरवठा

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. एका अश्वशक्तीची मोटर सुमारे ७४६ वॅट शक्ती देते. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक विद्युतप्रवाह ओढते. म्हणून यंत्रांसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र वाहिनी, १६ अँपिअरचे सॉकेट आणि योग्य जाडीची तांब्याची तार आवश्यक असते. दिव्यांची वाहिनी वेगळी ठेवावी. दोन्ही एकाच वाहिनीवर असल्यास भार वाढून वीज तुटते तेव्हा दिवेही जातात आणि पाते फिरत असतानाच खोलीत अंधार होतो.

योग्य अर्थिंग व ३० मिलीअँपिअर क्षमतेचे गळती-विद्युत संरक्षक (आरसीसीबी) उपकरण या दोन गोष्टी शॉकपासून जीव वाचवितात. ग्रामीण भागात भारनियमनामुळे वीज अचानक जाते व येते. साधी कळ चालूच राहिली तर वीज परतताच यंत्र आपोआप फिरू लागते. हे टाळण्यासाठी वीज जाताच स्वतःहून बंद होणारी व पुन्हा हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारी कळ (नो-व्होल्ट स्विच) बसवितात. शेतीपंपासाठी मंजूर जोडणीवरून सुतारशाळेची यंत्रे चालविणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो.

कामाचे बाक

पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायांनी दाबून धरून काम करी. त्यासाठी बाकाची गरज पडत नसे. उभ्याने काम करण्याच्या पद्धतीत बाक हेच सुतारशाळेचे केंद्र असते. ताठ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटाची जी उंची येते ती बाकाच्या पृष्ठभागाची सोयीची उंची मानतात. मध्यम उंचीच्या व्यक्तीसाठी ती ८० ते ८५ सेंटिमीटर येते. फार उंच बाकावर रंधा मारताना अंगाचा भार न पडता केवळ खांदे शिणतात. फार ठेंगण्या बाकावर कंबर दुखते.

बाक जड असावे, कारण रंध्याच्या झटक्याने हलणाऱ्या बाकावर अचूक काम होत नाही. सुमारे ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच इंच जाड पृष्ठभाग घरगुती कामास पुरेसा असतो. जुन्या घराच्या तुळया यासाठी उत्तम असतात. मात्र त्यांतील खिळे चुंबकाने शोधून काढल्याशिवाय त्यांवर करवत वा रंधा चालवू नये. बाकाच्या कडेला लाकूड पकडण्यासाठी शेगडा (व्हाइस) बसवितात. नवशिक्याने बनविण्याची पहिली वस्तू म्हणजे हे बाकच होय. त्यात मोजणे, कापणे, रंधा मारणे आणि कुसू-खाच सांधा करणे ही चारही मूलभूत कौशल्ये येतात. एका लाकडाच्या टोकाला ठेवलेली जीभ म्हणजे कुसू आणि ती बसण्यासाठी दुसऱ्या लाकडात कोरलेले छिद्र म्हणजे खाच.

हत्यारे

हत्यारांची चार गटांत विभागणी करता येते.

मापन व आखणी: मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, पाणसळ आणि आखणीची सुई. काटकोन तपासण्यासाठी गुण्याची एक कड सरळ फळीला टेकवून रेषा आखावी व गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा आखावी. दोन्ही रेषा जुळल्या नाहीत तर गुण्या सदोष आहे असे समजावे.

कापणे: लांबीच्या दिशेने, म्हणजे तंतूंच्या बाजूने चिरण्याची करवत आणि तंतूंना आडवी कापण्याची करवत यांच्या दातांची घडण निराळी असते. पहिलीचे दात लहान पटाश्यांसारखे, तर दुसरीचे सुरीच्या टोकांसारखे असतात. एकीचे काम दुसरीकडून घेतल्यास श्रम वाढतात व कड फाटते.

तासणे व कोरणे: वाकस, रंधा, विविध रुंदीच्या पटाश्या, किकरे, कानस आणि मोगरी.

भोके पाडणे: गिरमिट व हाताचे किंवा विजेचे ड्रिल.

आरंभी फार हत्यारे घेण्याची गरज नसते. एक करवत, एक रंधा, ६, १२ व २५ मिलिमीटर रुंदीच्या तीन पटाश्या, गुण्या, मोजपट्टी, मोगरी, हातोडा आणि दोन-चार शिकंजे यांवर स्टूल, फडताळ, पाट, चौरंग अशा अनेक वस्तू करता येतात.

धार लावणे

बाजारातून आणलेली पटाशी बहुधा वापरण्याजोगी धारदार नसते. तिला साधारण २५ अंशांचा उतार देऊन टोकाशी ३० अंशांची बारीक कड काढतात. त्यासाठी एक भरड व एक बारीक दगड (निसणा) पुरतो. पटाशीची मागची बाजू पूर्ण सपाट असणे तेवढेच महत्त्वाचे असते, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेषा होय. त्यांपैकी एक ओबडधोबड राहिला तर रेषा खंडित होते. लाकडाच्या आडव्या टोकावर पटाशी चालविली असता पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत निघाला तर धार योग्य समजावी.

बोथट हत्यार अधिक सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. बोथट पटाशीला जोर अधिक लावावा लागतो. तो जोर लाकूड अचानक सुटताच हातावर येतो. धारदार हत्यार थोड्या जोरात व अपेक्षित दिशेने चालते. त्यामुळे धार लावण्याची जागा कायम मांडून ठेवणे हा शाळेच्या व्यवस्थेचाच भाग मानला जातो. प्रत्येक वेळी दगड शोधावा लागला की धार लावणे टळते.

विजेवर चालणारी यंत्रे

यंत्रे गरजेच्या क्रमाने घेणे इष्ट असते. ड्रिल, वळणदार कापणीसाठी जिगसॉ, धूळ ओढून घेण्याची सोय असलेला सँडर, त्यानंतर सर्क्युलर सॉ आणि सर्वांत शेवटी टेबल सॉ असा क्रम बहुतेकांना मानवतो. लाकडाची कातीव कामे करावयाची असल्यास कात (लेथ) लागते. सावंतवाडीच्या चितार आळीत कातीवर घडविलेली व लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी व फळे प्रसिद्ध आहेत. घराशी जोडलेल्या कामाच्या जागेतून एखादी कला कशी नावारूपास येते हे त्यातून दिसते.

दोन प्रचलित पद्धती विशेष धोकादायक आहेत. पहिली म्हणजे चार इंची ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी चकती लावणे. हे यंत्र मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते व दगड-लोखंड घासण्यासाठी बनविलेले असते. चकतीचा दात लाकडात अडकताच यंत्र हातातून निसटते. दुसरी म्हणजे मार्बल कटर फळीखाली उलटा बसवून त्याचा टेबल सॉ करणे. अशा जुगाडात पात्यावर झाकण नसते, कापलेला भाग पात्यावर आवळू नये म्हणून मागे बसविलेले उभे पाते (रिव्हिंग नाइफ) नसते आणि चटकन बंद करण्याची कळही हाताशी नसते. लाकूड पात्यावर आवळले की ते काम करणाऱ्याच्या अंगावर वेगाने उलट फेकले जाते व त्याबरोबर हात पात्याकडे ओढला जाण्याची शक्यता असते. ज्यांना टेबल सॉ परवडत नाही त्यांनी सरळ फळी मार्गदर्शक म्हणून बांधून हातातील सर्क्युलर सॉ वापरणे अधिक सुरक्षित आहे.

लाकडाची निवड व साठवण

लाकूड घनफुटावर विकले जाते. ६ फूट लांब, १ फूट रुंद व १ इंच जाड फळी अर्धा घनफूट भरते. खोडाचा आतील गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ व बाहेरील फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ होय. रसकाष्ठाला भुंगेरे व वाळवी लवकर लागते. त्याला बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रिया करतात.

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र तो जाणवतो. सागाची ३०० मिलिमीटर रुंद फळी ओलाव्याच्या ६ टक्के फरकाने सुमारे ३ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. पावसाळ्यात अडकणारे दार उन्हाळ्यात सैल होते ते यामुळेच. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे विभाग पाडून लाकडात किती ओलावा असावा हे सांगितले आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या दमट गावातून आणलेले लाकूड निरगुडसरसारख्या कोरड्या भागात लगेच वापरल्यास वस्तू तयार झाल्यावर तिच्या सांध्यांत फटी पडण्याचा संभव असतो. म्हणून आणलेले लाकूड काही आठवडे आपल्याच शाळेत ठेवून मग वापरतात.

ओल्या फळ्या वाळविताना त्यांची थप्पी सावलीत रचून प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालतात. पट्ट्या एकाखाली एक ओळीत आल्या नाहीत तर फळ्या वाकतात. टोकांना रंग किंवा मेण लावल्याने ती लवकर वाळून तडकत नाहीत. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष असा जुना ढोबळ हिशेब आहे. उष्ण व कोरड्या हवेत याहून कमी काळ पुरतो.

धूळ व आरोग्य

रंध्याचा कीस व करवतीचा जाड भुसा खाली पडतो. तो झाडून काढता येतो. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धुळीचा असतो. ती तासन्‌तास हवेत तरंगते व फुप्फुसांत खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केली. नाक व नाकाभोवतालच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. दमा व त्वचेची ॲलर्जी हे त्रासही होतात. एमडीएफ कापताना लाकडाच्या धुळीबरोबर त्यातील फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेचे कणही उडतात.

उपायांचा क्रम असा असतो: प्रथम यंत्रालाच धूळ ओढणारे उपकरण जोडणे, नंतर खोलीत वारा खेळता ठेवणे आणि शेवटी एन-९५ दर्जाचा मुखपट्टा वापरणे. तोंडाला रुमाल वा उपरणे बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. यंत्र बंद केल्याबरोबर मुखपट्टा काढू नये, कारण धूळ त्यानंतरही हवेत असते. घरातच शाळा असल्याने ही धूळ लहान मुलांपर्यंत व स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. म्हणून घराकडील दार बंद ठेवणे व कामाचे कपडे वेगळे ठेवणे आवश्यक असते.

सुरक्षितता

डोळ्यांना संरक्षक चष्मा व मोठ्या आवाजाच्या यंत्रांवर कानांना संरक्षण वापरावे. ८५ डेसिबलहून अधिक आवाजात दीर्घकाळ काम केल्याने श्रवणशक्ती कायमची घटते. सर्क्युलर सॉचा आवाज याहून बराच अधिक असतो. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. साडीचा पदर, ओढणी, उपरणे, सैल बाह्या, मोकळे केस व अंगठ्या यांमुळे हात यंत्रात ओढला जातो. पाते बदलताना वीजजोडणी काढून ठेवावी. थकवा आला असता किंवा घाईत यंत्र सुरू करू नये.

अपघाताने बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये. त्यामुळे पेशी नष्ट होतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एकट्याने काम करणाऱ्याने दूरध्वनी खिशात ठेवावा आणि यंत्रावर काम सुरू असल्याची कल्पना घरातील कोणाला तरी द्यावी.

आगीचा एक कमी परिचित धोका जवसाच्या तेलाशी निगडित आहे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता साचून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागेत पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाकावीत. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिशही ज्वलनशील असते.

कायदेशीर बाबी

स्वतःच्या शेतातील प्रत्येक झाड मालकाला मनाप्रमाणे तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन इत्यादी वृक्षांचा समावेश आहे. ते तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. इमारती लाकडाच्या वाहतुकीवर भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली नियम आहेत. जुन्या घराचे लाकूड विकत घेतानाही पावती जपून ठेवणे हिताचे असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ असा अर्थ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील मोटारघराचा असा वापर करण्यापूर्वी संस्थेची संमती घ्यावी लागते.

प्रशिक्षण

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीम योजनेत हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानले होते. सुतारकामात अपूर्णांक, काटकोन, प्रमाण व वनस्पतींची रचना हे विषय हातांनी शिकले जातात, हे त्यामागील तत्त्व आजही लागू पडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुतार हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य व सवलतीच्या व्याजदराने कर्ज अशी तिची तरतूद आहे. ही योजना व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, छंद म्हणून काम करणाऱ्यांसाठी नाही.

छापील माहितीतून हत्यारांची ओळख होते. करवत कोणत्या कोनात धरावी, रंध्याचे पाते किती बाहेर काढावे, लाकडाचे तंतू कोणत्या बाजूने वर येतात या गोष्टी पाहून व करूनच कळतात. ज्या गावात वृद्ध सुतार अद्याप काम करीत आहेत तेथे त्यांच्याजवळ काही दिवस बसून शिकणे हा घरगुती सुतारशाळा उभारण्याचा सर्वांत कमी खर्चाचा प्रारंभ होय. यंत्रे पुढेही विकत घेता येतात. या कारागिरांचे ज्ञान मात्र बहुतांशी कोठेही लिहून ठेवलेले नाही.